पोवळीचं पहिलं पाऊल

एक होती शेवंती. तिचं घर म्हणजे नाव. चहूकडे पाणीच पाणी, जमीन औषधालासुद्धा नाही. तिची लेक पोवळी दोन वर्षांची झाली, तरी चालेना. चालणार कशी? उभी राहिली की नाव कलायची आणि पोर धपकन पडायची. शेवंतीचा जीव तुटायचा हो. पोरीला पाऊल टाकण्यापुरती तरी जमीन हवी, एवढंच तिचं मागणं.

मग एके सकाळी तिनं पोवळीला बापाकडे दिलं, नांगराचा दोर धरला आणि उतरली की समुद्राच्या तळाशी! गोष्टीतल्या बायकांना श्वास पुरतो, बरं का. मध्ये विचारायचं नाही.

तळाच्याही खाली राहते भुईमाय. तिची चूल कधी विझत नाही. चुलीवर हे एवढं मडकं, त्यात दगडाचा लालभडक रस रटरटतोय. रस वर आला की भुईमाय लगबगीनं जाळ मागे ओढायची. मोठी टापटिपीची बाई, थेंब सांडू द्यायची नाही.

शेवंतीनं जमीन मागितली. भुईमाय म्हणाली, जमीन या मडक्यातच आहे गं, पण उतू घालवलं तर मला वेंधळी म्हणतील.

शेवंती म्हणाली, "माय, आज रथसप्तमी. आज आम्ही मुद्दाम दूध उतू घालवतो. आज सांडलं की भरभराट."

तळाशी सूर्यच दिसत नाही, भुईमायला बापडीला सूर्याचा सण कुठून ठाऊक? ती खुदकन हसली आणि जाळ तसाच राहू दिला. शेवंती दोर धरून वर आली, नाव लांब नेऊन बघत बसली.

मग रस उतू गेला. गार पाण्यात चर्र झालं, त्याचा दगड झाला. पुन्हा उतू गेला. दगडावर दगड चढून डोंगर झाला, पण पाण्याखालीच. मग तिसऱ्यांदा गेला. समुद्र उकळला, वाफ उठली आणि पाण्यातून काळंभोर बेट वर आलं!

ते निवल्यावर शेवंतीनं पोवळीला त्यावर उभं केलं. पोर थबकली. पायाखाली काही हलेना. मग एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि तिसऱ्याला धावतच सुटली. शेवंती रडली आणि हसलीही.

पुढे पाखरांनी बिया आणल्या, नारळ वाहत आले, सगळे सुखानं नांदले. भुईमाय अजून सण पाळते. चूल तिथंच, वरची भुई मात्र हळूहळू सरकते, म्हणून दर खेपेला बेट नव्या जागी. अशी समुद्रात बेटांची माळच झालीय.

आपलीही भुई सरकते हो, पण मुंगीपेक्षाही सावकाश. तुम्ही काही पडत नाही. मिटा डोळे.