गादी वर, हेलिकॉप्टर खाली

"हेलिकॉप्टर विकत घ्यायचं, त्याला हार घालायचा, फोटो काढून घ्यायचे आणि मग अकरा महिने शेडमध्ये कोंडून ठेवायचं, हा शुद्ध गुन्हा आहे!"

केतकी गुरवनं हातातलं फडकं बादलीत आपटलं. गुन्हा कुणाचा, ते तिनं सांगितलं नाही. ऐकायला होते एकटे कॅप्टन दस्तूर, आणि ते तर निर्दोष होते.

सोनकडा संस्थान कधीच विलीन झालं होतं. पण महाराज उरले होते, राजवाडा उरला होता आणि हट्ट तर जशाचा तसा होता. पंचक्रोशीतल्या मुलामुलींनी वैमानिक व्हावं, म्हणून महाराजांनी हौसेनं दोन आसनांचं छोटं हेलिकॉप्टर घेतलं, पोलोच्या मैदानावर प्रशिक्षण शाळा काढली आणि शिकवायला कॅप्टन दस्तूर आणले. शाळेची पहिली आणि एकुलती एक विद्यार्थिनी केतकी. लेखी परीक्षा तिनं पहिल्या झटक्यात पार केली. आता हवे होते फक्त उड्डाणाचे तास.

पण उद्घाटनाच्या दिवशीच घोटाळा झाला! कॅप्टननी यंत्र जेमतेम चार फूट उचललं, तोच मैदानात गादीवर बसलेले महाराज ताडकन उठले.

"खाली! आधी खाली! आमच्या गादीच्या वर कोण बसतो?"

सोनकड्याचा रिवाजच तसा होता. गादीपेक्षा उंच कुणी बसायचं नाही. इथे आलेल्या नाटक कंपनीला रंगमंच खड्ड्यात बांधावा लागे, आणि मागच्या प्रेक्षकांना नायकाचा नुसता फेटा दिसे!

"मग महाराजांनीच माझ्याबरोबर बसावं," कॅप्टननी सुचवून पाहिलं होतं.

"दोन्ही खुर्च्या एकाच उंचीच्या! चालकाच्या खांद्याला खांदा लावून आम्ही बसायचं? मुळीच नाही!"

तेव्हापासून केतकी रोज हेलिकॉप्टर पुसत होती, आणि हेलिकॉप्टर जागचं हलत नव्हतं.

"पोरी, शनिवारी मी निघालो," कॅप्टन म्हणाले. "न उडवता पगार घ्यायची मला लाज वाटते."

शिक्षक गेला की शाळा गेली! केतकीनं ओल्या हातांनीच राजवाडा गाठला.

"महाराज, हेलिकॉप्टर उडू द्या."

"उडवा की! रोज उडवा! आम्ही कुठे नको म्हणतो?" महाराजांनी मिशीवरून हात फिरवला. "आम्ही गादीवर बसून बघू. फक्त तुमचं यंत्र आमच्या गादीच्या वर गेलं नाही पाहिजे. बोटभरसुद्धा नाही!"

"आणि गेलं तर?"

"तर सोमवारी विकून टाकू! नुसतं चकचकीत ठेवायला आमच्याकडे चांदीची भांडी आहेत."

केतकीनं खिडकीतून मैदानापलीकडच्या उंच गडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "कबूल. पण गादी कुठे मांडायची, ते मी सांगणार."

महाराज गडगडून हसले. "मांड मनोऱ्यावर! मनोरा आहे तीस फूट. तीस फुटांत काय उडवणार, पतंग? जा, आमच्या हद्दीत कुठेही मांड. दिला शब्द!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजीबा हुजऱ्यानं गादी डोक्यावर घेतली आणि तो निघाला. रिवाज असा, की गादी पुढे आणि महाराज मागे. चालती गादी थांबवायची नाही, तिची वाट बदलायची नाही. दाजीबा मनोऱ्याच्या दारावरून सरळ पुढे गेला. मैदान ओलांडलं. मग तो गडाच्या पायऱ्या चढायला लागला.

"दाजीबा! अरे, कुठे चाललास?"

"केतकीबाईंनी सांगितलंय तिकडे, सरकार!"

महाराज घामाघूम झाले, फेटा सुटला, दोनदा "हर हर" झालं. पण गादी काही थांबेना! नऊशे फूट चढून ती वरच्या बुरुजावर मांडली गेली, तेव्हा महाराज तिच्यावर बसले नाहीत, कोसळले. केतकी मागून आलीच होती. तिनं वायरलेस तोंडाशी धरला.

"कॅप्टन, गादी मांडली. या!"

खाली मैदानावर धुरळा उडाला. हेलिकॉप्टर उठलं, वळलं आणि गडाच्या कड्याला लांबून वळसा घालू लागलं. महाराज कठड्यावरून वाकले. फिरणारी पाती, काचेचा गोल, त्याची शेतांवरून पळणारी सावली, सगळं त्यांच्या पायांखाली होतं!

"आणखी वर आलं तर?" त्यांनी संशयानं विचारलं.

"शिकाऊंची फेरी पाचशे फुटांची असते महाराज. आपण नऊशेवर आहात. मधे चारशे फूट अदब आहे."

"अगं, पण आम्ही रोज इतकं चढून इथे बसायचं?"

"आपल्या पूर्वजांची गादी इथेच होती, महाराज. ती खाली नेली कुणी?"

महाराजांनी सुटलेला फेटा सावरला.

"आजोबांनी!" ते म्हणाले. "गुडघे दुखायचे म्हणून!" आणि असे खदखदून हसले, की बुरुजावरचे पारवे उडाले. "जिंकलीस गं पोरी! पण त्या यंत्रात दुसरी खुर्ची रिकामी कशी?"

"ती आपल्या हुकमाची वाट बघतेय."

"दिला हुकूम! ती खुर्ची तुझी. परवाना हातात पडेपर्यंत हेलिकॉप्टर तुझ्यासाठी, सगळा खर्च आमचा. आणि त्या दस्तुरांना सांग, बॅग रिकामी करा!"

केतकी पायऱ्यांकडे धावत सुटली.

दाजीबा इतका वेळ भिंतीला टेकून धापा टाकत होता. कपाळावरचा घाम निपटत तो म्हणाला, "सरकार, गुडघे मलाबी दोन आहेत. उद्यापासून ही गादी त्या यंत्रातनंच वर येऊ द्या!"