झेपाळचा मोडलेला पाय

माळरानावर अजून कुंपणं आली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. काळविटांच्या एका कळपात झेपाळ नावाचा तरुण काळवीट होता. धावण्यात त्याला कुणी गाठू शकत नसे. एकदा शर्यतीत ओढा ओलांडताना त्याचा पाय दगडांत अडकून मोडला. कळप काही दिवस थांबला, पण गवत संपलं. जाताना म्हातारी हरिणी म्हणाली, "बरा झालास की ये रे बाळा."

झेपाळ बोरीच्या झुडपाखाली पडून राहिला. जवळच एक टिटवी अंडी उबवत बसली होती.

"अरे, पाण्यापर्यंत तरी चालून ये," ती म्हणाली.

"असा लंगडत? कुणी बघितलं तर?"

"इथं बघायला आहे कोण?"

ते ऐकून त्याला जास्तच वाईट वाटलं. तरी तो उठला. मग टिटवी रोज सकाळी हाक मारी आणि तो कण्हत चाले. एखाद्या दिवशी पाय पुन्हा सुजे.

"आज थोडंच चाल," ती म्हणे.

पुढे पिल्लं बाहेर आली आणि टिटवी त्यांना घेऊन तळ्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी हाक आली नाही. ऊन अंगावर येईपर्यंत झेपाळ वाट पाहत राहिला. शेवटी आपणच उठला. पाण्याच्याही पुढे गेला आणि मोकळ्या माळावर थोडासा धावला. पायानं साथ दिली!

त्यानं आनंदानं मागे वळून पाहिलं. मागे नुसतं गवत हलत होतं. तो पुन्हा धावू लागला.