पोथीला गंध न लावणारे गाव

आंबवेढ्याच्या तळ्यावर येणारा पाहुणा पहिल्यांदा चुकतोच. ओट्यावर पोथी उघडी दिसली की त्याचा हात आपोआप कुंकवाच्या करंड्याकडे जातो, आणि शेजारचा कुणीतरी तो हळूच धरतो. देवाला लावा, पिंपळाला लावा; पोथीला नाही. मग बसवून कारण सांगतात.

फार मागे, म्हणे, या तळ्याचे पाणी कुणी पीत नसे. डोंगराच्या पोटातून येणारे, कधी न आटणारे पाणी. पण पोथीतच होते, ‘हे जळ देवाचे. येथे माणसाने हात लावू नये.’ देवाच्या स्नानापुरती एक घागर निघे. पूर्वी लोक हे पाणी पीत, अशी एक पुसट आठवण होती. पण पोथीपुढे आठवणीचे कोण ऐकतो? गाव ओढ्यावर पाणी भरायचे.

पोथी नरहरभटाच्या घरची. सुट्या पानांची, दोन फळ्यांत बांधलेली. दर श्रावणात सात दिवस वाचन, आणि रोज तिला गंध, कुंकू, तुपाचे बोट. नरहरभटाचा तिच्यावर फार जीव. तान्हे मूल उचलावे तशी तो ती उचली.

मग लागोपाठ तीन वर्षे पाऊस आला नाही. ओढा आटला. सातव्या दिवशी वाचन उरकून गाव सोडायचे ठरले, गाड्या भरल्या. म्हाताऱ्या ठकूबाईच्या सुनेचे दिवस भरत आले होते. गाडीचे हादरे तिला सोसणार नव्हते. हे सगळ्यांना दिसत होते.

ठकूबाईला अक्षर येत नव्हते. ती वाचनाला पदरात जोंधळ्याचे एकसष्ट दाणे आणी. सासूने लावलेली सवय. पान उलटले की एक दाणा वाटीत. शेवटी एक दाणा उरे, तो ती देवाचा म्हणून चिमण्यांना टाकी. त्या दिवशीही उरला. पण त्या दिवशी ती तो हातात धरून बसून राहिली.

“भटजी,” ती म्हणाली, “माझ्या आजेसासूचा दाणा उरत नव्हता म्हणे. मग देवाला हा कधीपासून लागायला लागला?”

“म्हातारे, बैल जुंपलेत, आणि तू दाणे काय मोजतेस,” कुणीतरी म्हणाले, आणि लोक हसले.

नरहरभट हसला नाही. त्याने एकेक पान बोटांत धरून चाचपले. तळ्याच्या पानाशी बोट थांबले. ते जाड लागत होते. पणजोबांनी कधीकाळी तिथेच भक्तिभावाने भरपूर गंध लावून पान ओलेच मिटले असणार. दोन पानांचे एक झाले होते, आणि आजोबांनी, वडिलांनी, त्याने स्वतः ते एक म्हणून वाचले होते.

पुढची बाजू ‘येथे माणसाने’वर संपत होती, मागची ‘हात लावू नये’ने सुरू होत होती. आत अक्षरे होती! पण ओढावे तर पोथी फाटणार, आणि न ओढावे तर गाड्या निघणार.

ठकूबाई म्हणाली, “सालपापडी ताटलीला धरली तर आपण ओढतो का? वाफ देतो, आणि वाट बघतो.”

तिच्या घरी एक तांब्या पाणी उरले होते, सुनेसाठी राखलेले. तेच तिने चुलीवर ठेवले. नरहरभटाने सर्वांसमोर सांगितले, पान फाटले तर मी पुन्हा पोथीला हात लावणार नाही. आणि त्याने ते वाफेवर धरले.

माणसे गाड्यांवरून उतरून भोवती आली. कोपरा हलला. बोटभर सुटले. मग आणखी बोटभर. तांब्याच्या तळाशी थोडेच पाणी उरले तेव्हा पान उघडले, आणि नरहरभट उभा राहून मोठ्याने वाचू लागला: ‘येथे माणसाने तहानलेला माघारी धाडू नये. जो धाडील, त्याच्या नैवेद्याला देवाने हात लावू नये.’

त्याने ते पुन्हा एकदा वाचले. लोक तळ्याकडे धावले, पण काठावर येऊन थबकले. इतक्या वर्षांचे भय एका वाचनाने कसे जाणार? तेव्हा नरहरभटच गुडघाभर पाण्यात उतरला. त्याने ओंजळ भरली आणि ठकूबाईच्या सुनेपुढे धरली. “पी, बाळ,” तो म्हणाला. “पाप असेल तर ते वाचणाऱ्याचे.”

ती प्याली. त्या संध्याकाळी सगळ्या गाड्या रिकाम्या झाल्या.

पान मात्र खालच्या कडेला नखभर फाटले होते. आतल्या समासातल्या ओळीचे ‘तहानलेला तृप्त झाला म्हणजे देव’, एवढेच राहिले. पुढचा शब्द गेला. नरहरभटाने बोललेले पाळले. तो पुन्हा पोथीला शिवला नाही. गावातल्या चौघांना त्याने वाचायला शिकवले आणि स्वतः ठकूबाईशेजारी खाली बसून ऐकत राहिला. लोक सांगतात, त्याच्या तोंडावर इतका आनंद आधी कुणी पाहिला नव्हता.

आजही वाचणारा त्या फाटक्या जागी थांबतो आणि समोरच्यांना विचारतो, देव काय करतो? अक्षर न येणाऱ्याचा मान पहिला. कुणी म्हणते, हसतो. कुणी म्हणते, निवांत झोपतो. एका मेंढपाळाने सांगितले होते, मग देव स्वतः प्यायला बसतो. सगळे कान देऊन ऐकतात, माना डोलावतात. त्या जागी अजून कुणी काही लिहिलेले नाही.