एक मीटर, दोन गाड्या

कोल्हापूरजवळच्या एका मोटार शर्यतीत गाड्या तपासायचं काम इनामदारसाहेबांकडे होतं. रेवती घोरपडेच्या स्पोर्ट्स कारला त्यांनी ऑइल प्रेशरचं मीटर जोडलं. इंजिन सुरू केलं, तरी काटा तळाशीच राहिला.

"इंजिन गेलं. गाडी बाद," साहेब म्हणाले.

रेवती या शर्यतीसाठी वर्षभर राबली होती. "ऑइल पुरेसं आहे, आवाजही साफ आहे. एकदा मीटर तपासता का?"

"ताई, मला शिकवू नका."

रेवतीने वाद घातला नाही. शेजारी साहेबांची लाल गाडी उभी होती. शर्यतीचा मार्ग दाखवायला तीच सगळ्यांच्या पुढे धावणार होती.

"तुमच्या गाडीचं इंजिन कसं आहे, साहेब?"

"एकदम ठणठणीत. पुण्याहून एका दमात आलोय," साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

"मग तिलाही हेच मीटर लावून दाखवा. चांगल्या इंजिनावर काटा कुठे जातो, ते मलाही कळेल."

साहेबांनी ऐटीत मीटर लावलं आणि इंजिन सुरू केलं. काटा तिथेही तळाशीच. जमलेले लोक हसू दाबू लागले.

रेवती शांतपणे म्हणाली, "साहेब, आता दोन्ही गाड्या बाद करायच्या, की दोन्ही सोडायच्या?"

साहेबांनी दुसरं मीटर मागवलं.