चौथी भिंत नसलेली विहीर

विहीर दारापासून त्रेसष्ट पावलांवर होती. शलाकाने पावलं मोजली त्या दिवसापासून तिची झोप उडाली होती. विहिरीच्या तीन बाजूंना काळ्या दगडाची भिंत, चौथीला नुसती दगडगोट्यांची उतरण, थेट पाण्यापर्यंत. चार वर्षांची जुई सहज खाली जाईल अशी. नवरा माळावरच्या काळविटांची मोजदाद करायला पहाटेच जाई. मग शलाका दाराची अगदी वरची कडी लावून दोघींना दिवसभर कोंडून घेई. एम. एस्सी. झालेल्या बाईने एवढं भ्यावं का, असं ती स्वतःला विचारी. उत्तर येई, भ्यावं.

शेवटी भिंतीसाठी अर्ज लिहून, जुईला घेऊन ती विहिरीवर गेली. भिवाआबा मेंढ्यांना पाणी पाजत होते. त्यांच्या सहीशिवाय गावात काही हलत नसे.

"भिंत घालायची म्हणता," आबा म्हणाले. "बसा बाई. आधी ऐका, मग सही करतो."

असं सांगतात, की या माळावर लागोपाठ तीन वर्षं पाऊस फिरकला नाही. गवत जळालं, काळविटं निघून गेली आणि भुकेले लांडगे मेंढवाड्यात शिरू लागले. तेव्हा गावाने इथे खोल खड्डा खणून वर काटक्या पसरल्या. तिसऱ्या दिवशी एक लांडगीण आत पडली. पान्हा दाटलेली होती म्हणे. तिला बघायला चिमा धनगरणीचं पोर वाकलं, तेही पडलं. त्याच्यामागे चिमाने उडी घेतली.

गडीमाणसं मेंढ्यांमागे लांब गेलेली. दिवसभर उन्हात तिघं आत. एका कोपऱ्यात पोराला पोटाशी धरून चिमा, समोर लांडगीण. ती कड चढे, घसरे, परत चढे. लांबून तिच्या पिलांचं केकाटणं ऐकू येई.

दिवस कलताना माणसं आली ती दोर आणि दगड घेऊन. चिमाने पोर दोराला बांधून वर दिलं. स्वतः मात्र दोर धरेना.

"मी वर आले की हिला ठेचाल. दगड टाका, पण त्या कडेला. मी रचते."

"तुझं पोर उपाशी रडतंय," सासू वरून म्हणाली, "आणि तुला लांडगिणीचा पुळका!"

"तिचीही रडतायत."

दगड संपेपर्यंत चिमा हटली नाही. उतरण झाली. आधी लांडगीण गेली, मागून चिमा. रचताना तळाचा खडक सरकला आणि पाणी लागलं, असंही सांगतात.

"ते खरं का खोटं, मला ठाव न्हाई," आबा म्हणाले. "पाणी हाय, एवढं खरं."

आजही या गावात विहिरीला चौथी भिंत घालत नाहीत. बाळंतीण सव्वा महिन्याने पहिल्यांदा घराबाहेर पडते, ती उतरणीवर एक दगड ठेवायला. आजही उन्हाळ्यात त्या दगडांवर ओली पावलं दिसतात, कधी सशाची, कधी कोल्ह्याची.

"द्या पेन," आबा म्हणाले.

शलाका पिशवीत पेन शोधत राहिली. ते हाताला लागलं होतं, तरी शोधत राहिली.

जुई उतरणीवरचे दगड उचलून बघत होती. "आई," ती म्हणाली, "दोन दगड घरी नेऊ. एकावर एक ठेवले ना, की माझा हात कडीला पोचेल."