वरून ओतलेलं ताक

"मग आता तरी आशीर्वाद द्याल ना, आक्का?"

डॉक्टरीण हेमांगीनं तिसऱ्यांदा विचारलं.

येरळेकाठच्या मठातली ही गोष्ट. नर्मदाक्का पाटावर बसून वाती वळत होत्या. मी चुलीपाशी होते, म्हणून ऐकू आलं. नाहीतर मला कोण सांगतंय.

हेमांगी लहानपणापासून आक्कांची शिष्या. पुढं शहरात जाऊन मोठी डॉक्टरीण झाली. चैत्रात तिनं मठात शिबिर घेतलं, चाळीस बायांचं रक्त नेलं. रक्तात म्हणे दोन प्रथिनं असतात. ती वाढली की गर्भपिशवीच्या अस्तरात कॅन्सर तर नाही ना, असा संशय घ्यायचा. आता तिला गावोगाव हेच करायचं होतं.

बाईला लाजेपायी मरावं लागणार नाही, असं ती सांगत होती. उघडं व्हायला नको, बोलायला नको. नळीभर रक्त दिलं की झालं.

"बाया लपवतात, आक्का. रक्त लपवत नाही."

"बरं झालं. बायांशी बोलायची कटकटच मिटली."

हेमांगी हसली. टोमणा तिला लागला नाही.

आक्कांनी ताकाचा तांब्या पुढं सरकवला. म्हणाल्या, एवढं चंद्राबाईला देऊन ये, बाहेर बसलीय.

चंद्राबाई मठाची झाडलोट करायची. माझ्याच बरोबरीची. करंजाखाली पोतं टाकून बसली होती. आमच्याकडं बाई बाजूला बसली की तिला शिवत नाहीत. हेमांगीनं रीत पाळली. लांबूनच, हात उंच धरून, तिच्या भांड्यात ताक ओतलं. तुमचा रिपोर्ट चांगला आलाय बरं का, आजी, असंही सांगितलं आणि परत आली.

"काय पाहिलंस?"

"चंद्राबाई बसल्यात."

"कुठं?"

"बाहेर..."

"वय काय तिचं?"

"बासष्ट. माझ्या कागदावर..."

ती तिथंच थांबली. आक्कांच्या बोटांत वात अर्धीच वळलेली.

हेमांगीची मान हळूहळू खाली गेली.

"पाळी गेली का, असं मी विचारलं होतं. बारा वर्षं झाली म्हणाल्या. मी खूण केली."

"खोटं बोलली का ती?"

"नाही..."

शिबिराच्या दिवशीही चंद्राबाई त्याच झाडाखाली होती. सुई टोचणारी पोरगी बाहेर जाऊन रक्त घेऊन आली. हेमांगीनं प्रश्न विचारले ते दारातून.

"एकदा गेल्यावर पुन्हा रक्त जायला लागलं, तर आधी पिशवीच्या आतला तुकडा काढून तपासायचा असतो, आक्का. प्रथिनं कमी असली तरी. सुरुवातीला ती वाढतातच असं नाही. हे मीच शिकवते."

मग तिनं विचारलं, कधीपासून?

"संक्रांतीपासून. मधनंमधनं."

हे मी बोलले. चुलीकडं तोंड करून.

हेमांगीनं माझ्याकडं पाहिलं, मग आक्कांकडं.

"तुम्ही तर रोज बघता, आक्का."

आक्कांनी बोटांतल्या अर्ध्या वातीकडं पाहिलं.

"मीही वरूनच ओतत होते."

हेमांगी उठली. गाडी आहे, आत्ताच नेते म्हणाली, अजून उशीर झाला नसेल. उंबऱ्यापर्यंत गेली आणि थबकली. आत्ताच तर रिपोर्ट चांगला म्हणून सांगून आली होती. पाय पुढं टाकवेना.

आक्कांनी वात खाली ठेवली. हेमांगीचा हात धरला आणि पायऱ्या उतरल्या. बाजूला बसलेल्या बाईजवळ त्या गेलेल्या मी उभ्या जन्मात पाहिल्या नव्हत्या.

चंद्राबाई अंग चोरून मागं सरली. शिवू नका म्हणाली, सोवळं जाईल.

आक्का पोत्याच्या कडेला टेकल्या. हेमांगीलाही हाताला धरून खाली बसवलं.

"सरक गं, चंद्रा. आज बाहेर बसायची पाळी आमची."