वीतभर चीर

घरोघरी लोखंडी पाइप होते तेव्हाची गोष्ट. एका जुन्या घराच्या भिंतीतल्या पाइपाला चीर गेली होती. घरच्या यमुताई भिंतीला ओल दिसली की नळच गळतोय असं समजून त्याचा वायसर बदलायच्या.

"माझा दोष नाही. खरं सांगून टाक," नळ म्हणाला.

"मग भिंत फोडून मला भंगारात टाकतील," पाइप पुटपुटला.

ओल सरकत दिव्याच्या बटणापर्यंत पोचली. संध्याकाळी यमुताईंनी बटणाकडे हात नेला. पाइप हादरला. सगळा जोर लावून त्याने स्वतःची चीर फाडली. भिंतीतून पायांवर पाणी उसळताच यमुताई मागे सरल्या. मग त्यांना भिजलेलं बटण दिसलं.

सकाळी त्यांनी छिन्नीने भिंत फोडली. खराब झाला होता फक्त वीतभर पाइप. तेवढाच कापून त्यांनी नवा तुकडा बसवला. बाकीचा पाइप भिंतीतच राहिला.